घंटा वाजते, पण पडणे टळते का?

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांतील इशारा यंत्रांविषयी सर्व काही

पलंगावरून कोणी उठू लागले की घंटा वाजावी, सेविकेने धावत यावे आणि पडण्यापूर्वीच वृद्धाला सावरावे, अशी ही कल्पना आहे. ऐकताक्षणी पटावी अशीच ती असल्याने गेल्या तीन-चार दशकांत अमेरिका, ब्रिटन, जपान आदी देशांतील हजारो पलंगांना आणि खुर्च्यांना अशी यंत्रे जोडली गेली. मात्र या यंत्रांनी पडण्याचे प्रमाण कमी झाल्याचा पुरावा संशोधकांच्या हाती लागलेला नाही. अमेरिकी सरकारने तर २०१७ पासून काही परिस्थितींत या यंत्रांची गणना वृद्धाला जखडून ठेवण्याच्या साधनांत करण्यास सुरुवात केली. सुरक्षिततेचे प्रतीक मानले गेलेले साधन बंधनाच्या यादीत का जाऊन बसले आणि त्याच्या जागी काय आले, याचा हा आढावा.

एक खुलासा आरंभीच करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खासगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते. १९४९ चा आपला नर्सिंग होम नोंदणी कायदाही त्याच संस्थांसाठी आहे. अमेरिकेत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. स्वतःची कामे स्वतः करू न शकणारे वृद्ध जेथे महिनोन्‌महिने, अनेकदा अखेरपर्यंत राहतात, ते तेथील नर्सिंग होम होय. या लेखात त्यांचा उल्लेख ‘शुश्रूषा केंद्र’ असा केला आहे.

पडणे ही किरकोळ बाब नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक झळ साठीपुढील व्यक्तींना बसते.

घरी राहणाऱ्या वृद्धांपेक्षा शुश्रूषा केंद्रांतील वृद्ध अधिक वेळा पडतात. तेथे येणारी व्यक्ती मुळातच अधिक वयाची, अधिक अशक्त आणि अनेकदा स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली असते, हे त्याचे कारण. शंभर खाटांच्या केंद्रात वर्षाकाठी १०० ते २०० वेळा कोणी ना कोणी पडल्याची नोंद होते, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने पूर्वीच नमूद केले होते. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, न्यूमोनिया, शय्याव्रण अशी संकटांची मालिका सुरू होऊ शकते. शरीराला इजा झाली नाही तरी मनात भीती घर करते. ‘पुन्हा पडलो तर?’ या धास्तीने चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात आणि क्षीण स्नायूंमुळे पुढच्या वेळी पडण्याची शक्यता आणखी वाढते.

पट्ट्यांकडून घंटेकडे

ही यंत्रे का आली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकी शुश्रूषा केंद्रांत वृद्धांना पलंगाला किंवा खुर्चीला बांधून ठेवणे ही नित्याची बाब होती. कंबरेचा पट्टा, छातीभोवतीचे बंद असलेले जाकीट, मनगटाचे बंद, उठता येऊ नये म्हणून खुर्चीसमोर अडकवलेला ट्रे अशी त्याची नाना रूपे होती. हे सारे वृद्धाच्या भल्यासाठीच आहे, याविषयी कोणाला फारशी शंका नव्हती.

लोईस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्प या परिचर्या शास्त्राच्या दोन अभ्यासकांनी १९८९ मध्ये या प्रथेविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणारा बहुचर्चित निबंध लिहिला. तत्पूर्वीच, म्हणजे १९८७ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने शुश्रूषा केंद्रांच्या सुधारणेचा कायदा संमत केला होता. शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणालाही बांधता येणार नाही, तसे करावयाचे झाल्यास वैद्यकीय कारण दाखवावे लागेल, असे त्या कायद्याने ठरविले.

बांधल्याने वृद्ध खरोखर सुरक्षित राहतात का, या प्रश्नाला येल विद्यापीठाच्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये उत्तर दिले. १२ केंद्रांतील ३९७ वृद्धांच्या अभ्यासात न बांधलेल्यांपैकी ५ टक्के, तर बांधलेल्यांपैकी तब्बल १७ टक्के व्यक्तींना पडून गंभीर इजा झाली होती. ज्यांना बांधले जाते ते मुळातच अधिक आजारी असतात, ही बाब हिशेबात धरूनही बांधण्याचा लाभ दिसला नाही. पलंगाच्या कठड्यांबाबतचा अनुभवही सुखद नव्हता. १९८५ ते २००८ या काळात कठड्यांत अडकण्याच्या ८०३ घटना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदल्या गेल्या आणि त्यांत ४८० जणांचा मृत्यू झाला.

कायदा आणि संशोधन यांचा एकत्रित परिणाम झाला. बांधून ठेवलेल्या वृद्धांचे प्रमाण १९९१ मध्ये २१ टक्के होते. ते २००७ पर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आले. परंतु पट्टे सुटले तरी व्यवस्थापनाची धास्ती सुटली नव्हती. वृद्ध पडला तर नातेवाईक जाब विचारणार, वकील नोटीस पाठविणार, तपासनीस शेरा मारणार! अशा वेळी ‘आम्ही काहीतरी केले आहे’ हे दाखविणारे साधन हवे होते. इशारा यंत्राने ती गरज भागविली. थोडक्यात, पट्ट्याची जागा घंटेने घेतली.

यंत्रे चालतात कशी?

या यंत्रांचे काही ठळक प्रकार आहेत.

दाबपट्टी : गादीखाली किंवा खुर्चीच्या आसनावर ठेवण्याची पातळ पट्टी. माणूस बसलेला वा झोपलेला असेपर्यंत वजनाने आतील विद्युतमंडल जुळलेले राहते. वजन उचलले की ते तुटते आणि घंटा वाजते.

चिमट्याची दोरी : एक टोक वृद्धाच्या कपड्याला चिमट्याने लावलेले, दुसरे टोक लोहचुंबकाद्वारे यंत्राला चिकटविलेले. माणूस पुढे झुकला की दोरी ताणली जाऊन चुंबक सुटतो. हा सर्वांत स्वस्त प्रकार. मात्र नुसते पाणी घेण्यासाठी वाकले तरी तो वाजतो आणि चिमटा काढून टाकला तर मुळीच वाजत नाही.

जमिनीवरील पट्टी : पलंगालगत अंथरलेली चटई. हिचे काम दाबपट्टीच्या उलट चालते, म्हणजे तिच्यावर पाय पडला की इशारा मिळतो. चटईची कडच पायात अडकून पडण्याचा धोका येथे लक्षात घ्यावा लागतो.

अवरक्त किरणांचे यंत्र : पलंगाच्या कडेला अदृश्य किरणांची रेषा असते. हात किंवा पाय मध्ये आला की इशारा मिळतो.

पट्ट्याचे यंत्र : चाकाच्या खुर्चीच्या पट्ट्याचे बक्कल उघडले की वाजणारे.

अलीकडच्या काळात पलंगाच्या पायांखाली बसविलेले वजनसंवेदक, रडार, खोली मोजणारे कॅमेरे आणि मनगटावर बांधण्याची उपकरणेही आली आहेत. काही यंत्रे खोलीत आवाज न करता थेट सेविकेच्या मोबाइलवर किंवा पेजरवर संदेश पाठवतात.

प्रकार कोणताही असो, एक मर्यादा सर्वांना समान आहे. यंत्र माणसाला धरून ठेवत नाही. ते फक्त हालचाल सुरू झाल्याची वर्दी देते. तोल जायला काही क्षण पुरतात. तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, अन्य वृद्धाला आंघोळ घालत असलेल्या सेविकेने हातातले काम टाकून पोहोचावे, अशी ही व्यवस्था अपेक्षा करते. बहुतेकदा सेविका पोहोचते तेव्हा वृद्ध जमिनीवर असतो. अशा वेळी घंटा घडून गेलेल्या अपघाताची बातमी तेवढी देते.

संशोधन काय सांगते?

या विषयावरील मोठ्या चाचण्या शुश्रूषा केंद्रांपेक्षा रुग्णालयांत झाल्या आहेत, हे लक्षात ठेवून त्यांचे निष्कर्ष पाहावे लागतात. अमेरिकेतील डॉ. रोनाल्ड शोर आणि सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांत महत्त्वाचा मानला जातो. एका शहरी रुग्णालयातील १६ कक्ष आणि २७ हजार ६७२ रुग्ण त्यात समाविष्ट होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या निम्म्या कक्षांत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन यंत्रांचा वापर वाढविण्यात आला. वापर वाढलाही. दर हजार रुग्णदिवसांमागे तो सुमारे ६४ दिवसांवर गेला, तर उरलेल्या कक्षांत तो दोन दिवसांहूनही कमी राहिला. पडण्याच्या प्रमाणात मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. जखमी होणाऱ्यांची संख्याही घटली नाही.

ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथे १,८३९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीची कथाही अशीच आहे. तेथे पलंग व खुर्ची दोन्हींना दाबपट्ट्या लावून इशारा परिचारिकांच्या पेजरवर जाईल अशी सोय केली होती. दर हजार खाटादिवसांमागे पडण्याचे प्रमाण यंत्र असलेल्या गटात ८.७१ आणि नसलेल्या गटात ९.८४ होते. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असा निष्कर्ष निघाला.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये शुश्रूषा केंद्रे आणि रुग्णालये यांतील ९५ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत १ लाख ३८ हजारांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता. पलंग व खुर्चीच्या इशारा यंत्रांचा परिणाम अनिश्चित असल्याचेच या आढाव्यात म्हटले आहे.

घंटेची किंमत

उपयोग नसला तरी अपाय तर नाही ना, असा प्रश्न कोणीही विचारील. अपाय आहे, असे या क्षेत्रातील अनेकांचे म्हणणे आहे.

पहिला अपाय झोपेचा. रात्री कूस बदलली तरी घंटा वाजते. ज्याच्या पलंगाला ती लावलेली आहे तो दचकतोच, शिवाय शेजारच्या पलंगावरचाही जागा होतो. झोप अपुरी झालेला वृद्ध दुसऱ्या दिवशी सुस्त आणि गोंधळलेला असतो व त्यामुळे पडण्याची शक्यता वाढते. मिनेसोटा राज्यातील एम्पायरा या शुश्रूषा केंद्रांच्या समूहाने रात्रीच्या शांततेला पडणे टाळण्याच्या कार्यक्रमात स्थान दिले, ते यामुळेच.

दुसरा अपाय हालचालीचा. उठले की आवाज होतो, सगळे वळून पाहतात आणि कोणीतरी धावत येऊन ‘बसा, बसा’ म्हणते, हे काही दिवसांत लक्षात येते. मग वृद्ध उठणेच सोडून देतो. पट्टा न बांधताही तो बांधला जातो. न हालल्याने स्नायूंची ताकद जाते. शौचास किंवा लघवीस जाण्याची इच्छा दाबून ठेवावी लागते आणि हळूहळू त्यावरचे नियंत्रणही सुटू लागते.

तिसरा अपाय कर्मचाऱ्यांच्या सवयीचा. दिवसभरात अनेक घंटा वाजतात आणि त्यांतील पुष्कळशा निरर्थक असतात. परिणामी कान त्या आवाजाला सरावतात. अमेरिकेत आरोग्य संस्थांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये रुग्णालयांतील या ‘अलार्म थकव्या’बद्दल खास इशारा प्रसृत केला होता. त्याखेरीज ‘यंत्र लावले आहे ना’ या भरवशावर फेऱ्या कमी होण्याचा धोका उरतोच. बॅटरी संपलेली असते, पट्टी सरकलेली असते किंवा स्वच्छतेनंतर तार जोडायची राहून गेलेली असते.

या सर्वांची दखल अमेरिकेच्या मेडिकेअर व मेडिकेड सेवा केंद्राने घेतली. २८ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या तपासणीविषयक मार्गदर्शक सूचनांत स्थितीबदल ओळखणाऱ्या इशारा यंत्रांचा विचार बंधनाच्या प्रकरणात करण्यात आला. आवाजाच्या भीतीने एखादी व्यक्ती हालचाल टाळत असेल, तर ते यंत्र तिच्यापुरते बंधनच ठरू शकते, अशी ही भूमिका आहे. प्रतिष्ठेची हानी, झोपमोड, गोंधळ, भय, अस्वस्थता आणि हालचाल घटणे हे संभाव्य दुष्परिणाम सूचनांत नमूद आहेत. यंत्र देखरेखीची जागा घेऊ शकत नाही, असेही त्या सांगतात. दारे किंवा लिफ्ट यांवरील यंत्रे, म्हणजे भरकटून बाहेर जाणाऱ्यांसाठीची, या व्याख्येतून वगळली आहेत. ऑक्टोबर २०१७ पासून प्रत्येक वृद्धाच्या सरकारी मूल्यांकन अर्जात यंत्रांच्या वापराची वेगळी नोंदही करावी लागते.

यंत्रांवर सरसकट बंदी मात्र नाही. कोणत्या व्यक्तीसाठी, कोणत्या कारणाने आणि किती काळ, याचे उत्तर केंद्राने देणे तेवढे अपेक्षित आहे.

माणूस उठतो तो कशासाठी?

घंटा काढायची तर मग करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांनी वेगळ्याच टोकाला हात घातला. माणूस पडतो कसा हे पाहण्यापूर्वी तो उठतो कशासाठी, हे विचारले पाहिजे, असे त्यांच्या लक्षात आले.

पडण्याच्या क्षणाबद्दलची बरीचशी माहिती पूर्वी पडलेल्याच्या स्मरणावर विसंबून असे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे स्टीफन रोबिनोविच आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील दोन केंद्रांच्या सामायिक जागांत कॅमेरे लावून २००७ ते २०१० या काळात १३० व्यक्तींच्या २२७ पडण्यांचे चित्रीकरण अभ्यासले. २०१३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने अनेक समजांना धक्का दिला. पाय घसरून पडण्याचे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. ४१ टक्के वेळा शरीराचा भार चुकीच्या पद्धतीने एकीकडून दुसरीकडे नेताना तोल गेला होता. २१ टक्के वेळा पाय अडखळला होता. पुढे चालताना, नुसते उभे असताना आणि खाली बसताना सर्वाधिक जण पडले होते.

म्हणजेच पलंगावरून उठणे हा पडण्याचा एकमेव प्रसंग नव्हे. तो कायम रोखून धरला तरी चालणे, उभे राहणे, वळणे, बसणे हे दिवसभराचे व्यवहार उरतातच. त्या व्यवहारांसाठी पायांत बळ आणि शरीरात तोल हवा. तो येतो हालचालीतून आणि हालचालीलाच घंटा अटकाव करते. या यंत्रांमधील मूलभूत विसंगती हीच आहे.

स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री तीन वाजता उठते तेव्हा आपल्याला ते निरर्थक वाटते. परंतु तिला कदाचित लघवी लागलेली असते, गुडघा दुखत असतो, थंडी वाजत असते, चष्मा हाताला लागत नसतो किंवा तहान लागलेली असते. आयुष्यभर पहाटे उठून गिरणीत गेलेल्या माणसाला त्याच वेळी जाग येणेही स्वाभाविक आहे. गरज वेळेवर ओळखली तर धोकादायक रीतीने एकट्याने उठण्याची वेळच येत नाही.

यंत्राऐवजी काय?

यंत्रांचा वापर सोडणाऱ्या केंद्रांनी अवलंबिलेले मार्ग साधे आहेत. कोणी पडले की त्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांची छोटी बैठक घ्यायची. त्यात दोष कोणाचा हे न विचारता ‘तेव्हा त्यांना काय हवे होते?’ हे विचारायचे. पडण्याची वेळ, जागा आणि कारण यांची नोंद ठेवली की काही आठवड्यांत चित्र स्पष्ट होते. जेवणानंतर अर्ध्या तासाने, पाळी बदलताना किंवा पहाटे स्वच्छतागृहाच्या वाटेवर अधिक जण पडत असल्याचे दिसते. मग त्यानुसार फेऱ्यांची वेळ बदलता येते. फेरीत चार गोष्टी पाहायच्या : दुखते आहे का, स्वच्छतागृहात जायचे आहे का, अंग अवघडले आहे का, हव्या त्या वस्तू हाताशी आहेत का?

औषधांचा फेरआढावा हा दुसरा महत्त्वाचा भाग. झोपेच्या गोळ्या, मनावर परिणाम करणारी औषधे आणि रक्तदाब एकदम उतरविणारी औषधे यांमुळे तोल जाऊ शकतो. ती परस्पर बंद करणे घातक ठरेल. मात्र डॉक्टरांना विचारून मात्रा किंवा वेळ बदलता येते. उभे राहताच रक्तदाब घसरतो का, याची तपासणी काही मिनिटांत होते. पलंगाची उंची, पायाला घट्ट बसणारी पादत्राणे, रात्रीचा मंद दिवा, डोळ्यांची तपासणी, व्यायाम ही यादी लांब आहे.

अशा पद्धतशीर कामाला यश येते, असे ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने दाखवून दिले. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पिप लोगन आणि सहकाऱ्यांनी ८४ केंद्रांतील १,६५७ वृद्धांचा अभ्यास केला. निम्म्या केंद्रांतील कर्मचाऱ्यांना प्रत्येक वृद्धामागची पडण्याची कारणे शोधण्याची प्रश्नावली आणि प्रशिक्षण देण्यात आले. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत तेथे दर हजार दिवसांमागे पडण्याचे प्रमाण ६.०४ होते, तर नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या केंद्रांत ते १०.३८ होते. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे यंत्राला साधले नव्हते, ते विचारपूस आणि निरीक्षण यांनी साधले.

आहाराचा वाटाही मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील ६० केंद्रांत सात हजारांहून अधिक वृद्धांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीचे निष्कर्षही २०२१ मधलेच. तेथील काही केंद्रांत दूध, दही आणि चीज यांचे प्रमाण वाढविले. त्या केंद्रांत एकूण अस्थिभंग ३३ टक्क्यांनी, खुब्याचे अस्थिभंग ४६ टक्क्यांनी आणि पडणे ११ टक्क्यांनी कमी झाले. पडणे पूर्णतः टळणार नाही हे मान्य केले, तर हाड मोडू नये यासाठी काय करता येईल, याकडेही लक्ष जाते. खुब्यावर गादी असलेली अंतर्वस्त्रे वापरल्यास खुब्याचा अस्थिभंग काही प्रमाणात टळतो, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात म्हटले आहे. दर हजार व्यक्तींमागे हा फरक सुमारे ११ चा आहे.

यंत्राची योग्य जागा

याचा अर्थ सारी यंत्रे मोडीत काढावीत असा नाही. केंद्रात नव्याने आलेल्या व्यक्तीची रात्रीची सवय समजून घेण्यासाठी काही दिवस, तेही खोलीत आवाज न करता सेविकेलाच संदेश देणारे यंत्र उपयोगी पडू शकते. मात्र निरीक्षण संपले की ते काढले पाहिजे. वृद्धाने स्वतः मदत मागण्यासाठी दाबावयाची घंटा ही तर सर्वस्वी निराळी बाब. ती यंत्राला नव्हे, माणसाला बोलते करते.

पडल्यानंतर फार काळ जमिनीवर राहावे लागू नये, यासाठीही यंत्रांचा विचार होतो. केंब्रिज येथे नव्वदीपुढील व्यक्तींचा वर्षभर पाठपुरावा करून २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पडलेल्यांपैकी ३० टक्के जण तासभर किंवा त्याहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिल्याचे आढळले होते. विशेष म्हणजे मदतीची घंटा उपलब्ध असूनही बहुतेकांनी ती वाजविली नव्हती. पडणे आपोआप ओळखणाऱ्या उपकरणांकडून अपेक्षा आहेत, त्या येथे. अर्थात, कॅमेरा असेल तर खासगीपणाचा आणि संमतीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

अखेरीस प्रश्न येतो तो माणसांचा. यंत्र स्वस्त असते, माणूस महाग. जपानमध्ये २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजना सुरू झाली तेव्हाच केंद्रांत वृद्धांना बांधण्यास तत्त्वतः मनाई करण्यात आली. पुढे २०१८ मध्ये देखरेख उपकरणे बसविणाऱ्या केंद्रांना रात्रपाळीच्या जादा कर्मचाऱ्यांच्या अटीत काहीशी सवलतही मिळाली. अमेरिकेने २०२४ मध्ये प्रत्येक वृद्धामागे दररोज किमान ३.४८ तास शुश्रूषा मिळालीच पाहिजे असा नियम केला, पण एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. माणसांची उणीव यंत्राने भरून काढण्याचा मोह सर्वत्र आहे. परंतु घंटा वाजल्यावर येणारे कोणी नसेल, तर ती कितीही संवेदनक्षम असून उपयोग नाही.

आपल्याकडे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढील व्यक्तींची संख्या १ कोटीहून अधिक होती. एकत्र कुटुंबे घटल्याने आणि मुले परगावी वा परदेशी गेल्याने मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत वृद्धाश्रमांबरोबरच अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणारी खासगी केंद्रेही उभी राहिली. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. बांधून ठेवण्याबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कडक अटी आहेत, परंतु त्या मानसिक आरोग्य संस्थांपुरत्या आहेत.

आपल्याकडे घंटेचे यंत्र आता ऑनलाइन सहज विकत मिळते. ते घेण्यापूर्वी परदेशातील अनुभव ध्यानात घेणे हिताचे ठरेल. आपली परिस्थिती काही बाबतींत निराळी आहे. न्हाणीघर व शौचालय ओले राहणे, त्याचा उंचवटा, पायात येणारे धोतर, साडी किंवा लांब गाऊन, सैल चपला, दारातले सुटे पायपुसणे हे धोके अगदी घरगुती आहेत आणि त्यांवरचे उपायही तितकेच स्वस्त. भिंतीला घट्ट बसविलेला आधाराचा दांडा, कोरडी फरशी, कमोडची योग्य उंची आणि रात्रभर जळणारा लहान दिवा यांना ना बॅटरी लागते ना तार.

केंद्र निवडताना विचारावयाचे प्रश्न

- रात्रपाळीत किती वृद्धांमागे किती मावशी किंवा मदतनीस असतात?
- गेल्या महिन्यात किती जण पडले आणि त्यानंतर नेमके काय बदलले? (‘आमच्याकडे कोणीच पडत नाही’ हे उत्तर आश्वासक नव्हे. एक तर नोंद होत नसते किंवा कोणाला उठूच दिले जात नसते.)
- वृद्धांना कधी बांधले जाते का? कोणाच्या परवानगीने आणि किती वेळ?
- इशारा यंत्र असल्यास ते का लावले आहे, आवाज कोठे होतो आणि काढणार केव्हा?
- रात्री स्वच्छतागृहात नेण्याची ठरावीक वेळ आहे का? की सर्वांना सरसकट डायपर लावले जाते?
- रोज चालविले जाते का? फिजिओथेरपिस्ट किती वेळा येतात?
- औषधांचा आढावा डॉक्टर किती दिवसांनी घेतात?

नातेवाइकांची जबाबदारीही येथे संपत नाही. आईची उठण्याची वेळ, तिला चहा कधी लागतो, चष्मा कोणत्या बाजूला ठेवते, रात्री किती वेळा उठते, हे घरच्यांइतके कोणालाच ठाऊक नसते. केंद्रात दाखल करताना ही माहिती एका कागदावर लिहून द्यावी. शिवाय ‘त्यांना उठूच देऊ नका’ असा आग्रह धरण्यापूर्वी थोडा विचार करावा. पडण्याचा धोका शून्यावर आणावयाचा तर चालणे थांबवावे लागते आणि चालणे थांबले की बाकीचेही बरेच काही थांबते. किती धोका पत्करायचा, हे ठरविताना ज्यांच्याविषयी हा निर्णय होतो आहे, त्यांचे मत शक्य तेथे सर्वप्रथम विचारले पाहिजे.